राजीनामा नावाचा कागद

२७ फेब्रुवारी २०१७, सोमवार. सकाळी अकराच्या मीटिंगला आमच्या सरांची खुर्ची रिकामी होती.

त्याआधीच्या गुरुवारी मुंबईसह दहा महापालिका आणि पंचवीस जिल्हा परिषदांची मतमोजणी झाली होती. मुंबईत शिवसेना ८४ आणि भाजप ८२ अशी अटीतटीची लढत. पहाटे चारला आलेला आमचा डेस्क रात्री अकराला उठला होता. त्या एकोणीस तासांत सर एकदाच खुर्चीवरून उठले, तेही सगळ्यांसाठी वडापाव सांगायला. त्यामुळे सोमवारी ते आले नाहीत, तेव्हा थकले असतील, झोपू द्या, असंच आम्हाला वाटलं.

साडेअकराच्या सुमारास डेस्कच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर करड्या अक्षरातली एक ओळ उमटली. सर ग्रुपमधून बाहेर पडले होते. चुकून झालं असेल, असं कुणीतरी म्हणालं. बारा वाजता एचआरचा तीन ओळींचा मेल आला. वैयक्तिक कारणास्तव राजीनामा, तत्काळ स्वीकृत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. कुणीतरी सरांना फोन लावला. बंद होता. पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग अमरावतीच्या स्ट्रिंगरचा फोन वाजला, आणि नागपूरच्या आमच्या सहकारी मुलीने तो उचलून बातमी लिहून घ्यायला सुरुवात केली.

रात्री मुंब्र्याला परतताना लोकलमधून अब्बांना फोन केला. अब्बांनी सोलापुरात यंत्रमागावर आयुष्य काढलं. सगळं ऐकून ते म्हणाले, “मुकादम गया तो माग बंद पड़ते क्या? माल तो निकलताच.”

खरं होतं. सातचं बुलेटिन सातलाच गेलं होतं. घरी टीव्ही बघणाऱ्या कुणाच्याही लक्षात आलं नसेल.

ही एका मराठी वृत्तवाहिनीची गोष्ट आहे. नाव सांगत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहील. मी तिथे असाइनमेंट डेस्कवर होतो. बातमी पडद्यावर दिसते ती अँकरमुळे, पण ती आत येते असाइनमेंटच्या दारातून. कुठे कॅमेरा पाठवायचा, कोणत्या जिल्ह्यातून व्हिज्युअल मागवायची, कोणाचा फोनो घ्यायचा, हे सगळं इथे ठरतं. आम्ही एकोणीस जण होतो आणि सर आमचे प्रमुख.

ते देवमाणूस वगैरे नव्हते. चिडले की कुणाचाही मुलाहिजा ठेवत नसत. चुकलेल्या पट्टीसाठी त्यांनी मला सगळ्यांसमोर झाडलं आहे. पण तीच चूक घेऊन संपादकांच्या केबिनमध्ये जायची वेळ आली की ते एकटे जायचे आणि ‘माझी चूक’ म्हणून परत यायचे. गुरुवारी रेटिंग यायचं. आकडे घसरले की आधी त्यांना बोलावणं यायचं. आत काय बोलणं होतं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. ते बाहेर यायचे, चष्मा पुसायचे आणि विचारायचे, “नाशिकचं काय झालं?”

त्यांच्याकडे एक लांबट, पुठ्ठ्याची वही होती. तीत राज्यभरातल्या स्ट्रिंगरचे नंबर होते. नुसते नंबर नाहीत; कुणाच्या गावात नेटवर्क येत नाही म्हणून शेजारच्या दुकानाचा नंबर, कुणाच्या बायकोचं बाळंतपण आहे म्हणून या महिन्यात त्याला लांब पाठवू नये, अशाही नोंदी. स्ट्रिंगरला पगार नसतो, बातमीमागे पैसे मिळतात. ती व्हाउचरं सर महिन्याच्या पाच तारखेला स्वतः घेऊन अकाउंट्समध्ये जायचे आणि सही होईपर्यंत तिथेच उभे राहायचे.

रोस्टरही ते हाताने लिहायचे. नागपूरच्या मुलीला शेवटची लोकल चुकणार नाही अशी शिफ्ट. ज्याची आई टाटा रुग्णालयात उपचार घेत होती, त्याला मंगळवारची विकली ऑफ. आणि रमजान लागला की महिनाभर मला सकाळची शिफ्ट. मी कधी मागितली नव्हती. पहिल्या वर्षी रोस्टर बघून मी त्यांच्याकडे गेलो, तर मान वर न करता म्हणाले, “सातच्या बुलेटिनला तू उपाशी बसणार आणि मला बघत बसावं लागणार. त्यापेक्षा सकाळी ये.” विषय संपला.

या सगळ्या सोयींना आम्ही ऑफिसचं वातावरण समजत होतो. आपलं ऑफिस बरं आहे, इथे माणुसकी आहे, असं दुसऱ्या वाहिनीतल्या मित्रांना सांगायचो. ती ऑफिसची माणुसकी नव्हती, एका माणसाची होती, हे कळायला एक आठवडा पुरला.

त्या आठवड्यात अफवांना ऊत आला. सर दुसऱ्या वाहिनीत मोठ्या पदावर गेले. संपादकांशी भांडण झालं. कुठल्या तरी पक्षाचं माध्यमांचं काम घेतलं. प्रत्येकाकडे आतली बातमी होती आणि एकाचीही दुसऱ्याशी जुळत नव्हती. बातमीदारांच्या ऑफिसातली बातमी बातमीदारांनाच कळेना. दोघांनी गुपचूप दुसरीकडे सीव्ही पाठवले. कॅन्टीनमध्ये एकत्र बसणारे दोन-दोन, तीन-तीनच्या गटात बसू लागले. सर आपल्याला न सांगता गेले याचा राग सगळ्यांना होता, पण तो बोलून दाखवायचा कुणाकडे? मग तो एकमेकांवर निघायचा. कॉपीतल्या एका शब्दावरून भांडणं व्हायला लागली.

शुक्रवारी संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नवा प्रमुख मिळेपर्यंत डेस्क तू सांभाळ, म्हणाले. पगार तोच, जबाबदारी नवी. मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. सोलापूरच्या उर्दू शाळेतून आलेला, मराठी बोलताना आधी ‘ळ’ अडखळणारा मुलगा डेस्कचा इन्चार्ज झाला होता. त्या रात्री अब्बांना परत फोन केला. सर का गेले असतील, हा प्रश्न त्या फोनमध्ये आला नाही.

पुढच्या बुधवारी एचआरकडून एक एक्सेल शीट आली. अठरा नावं आणि प्रत्येकापुढे एक ते पाच गुण द्यायचे. अट अशी होती की पाच गुण तिघांनाच, आणि चार जणांना एक किंवा दोन द्यावेच लागतील. दोन दिवसांत भरून पाठवा.

नोव्हेंबरमधल्या नोटाबंदीनंतर जाहिराती आटल्या होत्या. खर्च कमी करा, असं सगळीकडून ऐकू येत होतं. दौऱ्याला टॅक्सी बंद झाली होती, रात्रीचं जेवण बंद झालं होतं. चार जणांना सगळ्यात कमी गुण द्या, याचा अर्थ काय, हे कळायला पत्रकार असायची गरज नव्हती. तरीही मी कुणालाच विचारलं नाही की ही शीट कशासाठी आहे. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळाल्यावर मग ती शीट भरायची की नाही, हे मला ठरवावं लागलं असतं. म्हणून विचारलं नाही. अप्रेझलचा फॉर्म आहे, असं स्वतःला सांगितलं आणि भरली.

त्या चारांत एक नाव काकांचं होतं.

काका वयाने आमच्यात सगळ्यात मोठे, पन्नाशीला टेकलेले. अख्खी हयात वर्तमानपत्रात काढून टीव्हीत आलेले. संगणकावर दोन बोटांनी टाइप करायचे. ब्रेकिंगच्या वेळी त्यांच्याकडे कॉपी दिली की डेस्क हवालदिल व्हायचा. पण तालुक्याचं नाव, धरणाचं नाव, आमदाराचा जुना पक्ष यात ते कधी चुकल्याचं मला आठवत नाही. आम्ही गुगल करायच्या आधी काकांना विचारायचो. शीटमधला रकाना मात्र ‘कामाचा वेग’ असा होता. माहितीसाठी रकाना नव्हता. मी काकांना एक गुण दिला. मनात म्हटलं, त्यांचा मुलगा आता नोकरीला लागलाय, त्यांचं निभेल. दुसऱ्याचं निभेल की नाही हे आपण किती पटकन ठरवतो!

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात चौघांना एकेक करून एचआरमध्ये बोलावलं. आत टेबलावर राजीनाम्याचं पत्र छापून तयार होतं. मजकूर तोच, वैयक्तिक कारणास्तव. फक्त सही करायची. सही केली तर एका महिन्याचा पगार आणि अनुभवाचं प्रमाणपत्र. नाही केली तर काय, ते कुणी स्पष्ट बोललं नाही. चौघांनीही सही केली.

काका बाहेर आले ते थेट आपल्या जागेवर जाऊन बसले. भंडाऱ्याहून आलेली पाणीटंचाईची कॉपी त्यांनी अर्धवट टाइप करून ठेवली होती. दोन बोटांनी ती पूर्ण केली, एकदा वाचली, सिस्टीममध्ये टाकली आणि मग पिशवी उचलली. माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाले, “लाखांदूरमधला द तपासून घे रे. पट्टीवर नेहमी चुकतो.”

मी त्यांना खाली सोडायला गेलो. फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. काकांनी त्या दिवशी मला कायदा शिकवला. १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्यात कपात करताना संपादकाला सहा महिन्यांची आणि इतर पत्रकारांना तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागत असे. त्याच कायद्यात अशीही तरतूद होती की, पत्रकाराने सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून राजीनामा दिला, तर तीन वर्षांच्या नोकरीवरही त्याला ग्रॅच्युइटी मिळावी. इतर कारणासाठी स्वतःहून सोडलं, तर मात्र दहा वर्षं भरावी लागत. म्हणजे बातमीच्या धंद्यात मन मारून काम करायची वेळ येणार, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाच ठाऊक होतं. “पण तो कायदा वर्तमानपत्रांसाठी,” काका हसून म्हणाले, “वाहिनीवाल्यांना विवेक असेल, हे तेव्हा कुणाला माहीत?”

मीही हसलो. शीट मी भरली होती, हे त्यांना सांगितलं नाही.

मे संपताना रमजान सुरू झाला. आता रोस्टर मीच लिहीत होतो आणि इन्चार्ज संध्याकाळीच हवा, असा वरून निरोप होता. म्हणजे मी सगळ्यांना सुट्ट्या देऊ शकत होतो, स्वतःला सकाळची शिफ्ट देऊ शकत नव्हतो. इफ्तार सव्वासातच्या आसपास आणि सातचं बुलेटिन चालू. नागपूरची मुलगी रोज पाच मिनिटं माझे दोन्ही फोन घेऊन बसायची. मी वळून दोन खजूर आणि घोटभर पाण्यावर रोजा सोडायचो आणि परत फोन घ्यायचो. ही सोय कुठल्या नियमात नव्हती. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

आणि पाचव्या रोजाला, १ जूनला, शेतकरी संप सुरू झाला. पुणतांब्याच्या ग्रामसभेतून निघालेली ठिणगी नाशिक, नगर, पुण्यापर्यंत पोचली. रस्त्यावर दूध ओतलं जात होतं, भाजीचे ट्रक अडवले जात होते, बाजार समित्या बंद पडल्या होत्या. हे सगळं गावागावात घडत होतं, आणि गावागावात वाहिनीचा माणूस म्हणजे स्ट्रिंगर. मी फोन लावायला घेतले. एक उचलेना. दुसऱ्याने उचलला आणि सांगितलं, फेब्रुवारीपासूनचे पैसे द्या, मग बोलू. तिसरा दुसऱ्या वाहिनीला व्हिज्युअल देत होता. सर गेल्यापासून व्हाउचरं अकाउंट्समध्ये पडून होती. पाच तारखेला तिथे जाऊन उभं राहायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. आणि ती पुठ्ठ्याची वही सर टेबलावर ठेवून गेले होते. पण तीतल्या खुणा, बाण, अर्धे शब्द फक्त त्यांनाच कळत होते.

२ जूनच्या रात्री ‘वर्षा’वर मुख्यमंत्र्यांशी चर्चा सुरू झाली ती पहाटेपर्यंत चालली. संप मागे घेतल्याची घोषणा झाली आणि लगेच त्यावरून शेतकऱ्यांतच फूट पडली. संप सुरूच राहणार, असं सांगणारे आवाज गावागावांतून उठू लागले. ते आवाज इतर वाहिन्यांवर दिसत होते. आमच्याकडे घोषणेचाच बाईट फिरत होता. मी टेबलावरच सहरी केली. गार झालेली पोळी आणि अंडं. समोर सगळ्या वाहिन्यांचे टीव्ही चालू होते. आणि मला पहिल्यांदा सरांचा खरा राग आला. गेले त्याचा नाही. आम्हाला काहीच न शिकवता गेले, त्याचा.

राजीनामा हा शब्द आम्हा दख्खनी घरांतल्या मुलांना सुरुवातीला गोंधळात टाकतो. उर्दूत नोकरी सोडण्याला इस्तीफा म्हणतात. राज़ीनामा म्हणजे दोन्ही बाजू राजी झाल्याचा कागद, समझोता. मराठीत तो नोकरी सोडण्याचा अर्ज कसा झाला, याचा एक धागा जुन्या जमीन महसुलात सापडतो. मुंबई इलाख्यात खातेदार जमिनीवरचा हक्क सोडताना राजीनामा लिहून द्यायचा आणि ती घेणारा कबुलायत लिहायचा. मी राजीखुशीने सोडतो, असं एकाने लिहायचं, आणि मला कबूल आहे, असं दुसऱ्याने. त्या वर्षी आमच्या डेस्कवर पाच राजीनामे झाले. त्यातला एकच राजीखुशीचा होता. कबुलायत मात्र माझी होती, एक्सेल शीटवर.

सर भेटले ते पुढच्या वर्षी हिवाळ्यात, दादर स्टेशनबाहेर. अचानकच. ना दुसरी वाहिनी, ना पक्षाचं काम. अनुवाद करत होते आणि एका कॉलेजात पत्रकारिता शिकवत होते. घराचे हप्ते चालू असल्याचं बोलता बोलता निघालं. आम्ही चहा घेतला. मी विचारलंच.

“चार नावं मागितली होती,” ते म्हणाले. “फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच. मतमोजणी होऊ द्या म्हटलं. झाली. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. शनिवार-रविवार घरी बसलो आणि सोमवारी कागद दिला.”

“आम्हाला एक शब्द सांगायचा होता, सर.”

“सांगितलं असतं तर तुम्ही पहिला प्रश्न काय विचारला असता? कोण चार, हाच ना?”

मी थोडा वेळ गप्प राहिलो. मग सांगून टाकलं. “यादी मी केली. तुम्ही केली असती तर काकांचं नाव तीत नसतं.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “मग दुसऱ्या कुणाचं असतं,” ते म्हणाले.

मला या वाक्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. सरांनी केलं ते चूक, असं मी म्हणणार नाही. पन्नाशीच्या आत-बाहेरच्या माणसाने हातात दुसरी नोकरी नसताना, हप्ते डोक्यावर असताना, चार नावं लिहायला नकार दिला. ही छोटी गोष्ट नाही. मी तीच शीट दोन दिवसांत भरली, त्यामुळे त्यांना शहाणपण शिकवायचा अधिकार मला नाही. पण त्यांच्या राजीनाम्याने एकही नोकरी वाचली नाही, हेही खरं आहे. वर्षानुवर्षं ते आमच्या आणि केबिनच्या मध्ये भिंतीसारखे उभे राहिले. भिंतीच्या सावलीत आम्ही सुखी होतो, पण पलीकडे काय चाललंय हे आम्हाला कधी दिसलं नाही आणि पलीकडच्यांशी बोलायचं कसं, हे कधी शिकलो नाही. म्हणून चौघांना आत बोलावलं, तेव्हा उरलेल्या पंधरांतून एकही जण उठून ‘निदान तीन महिन्यांचा पगार द्या’ एवढंही म्हणाला नाही. मी तर मुळीच नाही.

मी ती वाहिनी नंतर दीड वर्षाने सोडली. एक महिना आधी सगळ्यांना सांगून. आता दुसरीकडे आहे आणि माझ्या हाताखाली सहा जण आहेत. स्ट्रिंगरचे नंबर सगळ्यांना उघडता येतील अशा शीटमध्ये आहेत, खुणा आणि बाणांशिवाय. व्हाउचरं घेऊन अकाउंट्समध्ये दर महिन्याला वेगळा माणूस जातो, म्हणजे तिथे कसं उभं राहायचं ते सहाही जणांना येतं. सणाच्या, उपासाच्या, आजारपणाच्या शिफ्टबद्दल आम्ही नियम लिहून वरून मंजूर करून घेतला आहे. तो मिळवायला चार महिने आणि सहा जणांच्या सह्या लागल्या. आणि गुणांची शीट आली की मी आधी विचारतो, ही कशासाठी आहे. उत्तर नेहमीच मिळतं असं नाही. पण मी विचारलं, हे सहा जणांना माहीत असतं.

काका दर ईदला फोन करतात. “शीरखुर्मा पाठव,” म्हणतात. मी दर दिवाळीला त्यांना करतो. गावी राहतात, तालुक्याच्या एका साप्ताहिकात लिहितात, अजून दोन बोटांनी टाइप करतात. माझं लिहिलेलं सगळं वाचतात आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कळवतात.

काका, हेही तुम्ही वाचाल. तुमच्या नावापुढचा एक मी लिहिला होता. टपरीवरच सांगायला हवं होतं. चुका कळवायला फोन कराल, तेव्हा आधी यावर बोलू.